दिसलेले, नाकारलेले आणि पुसून पाहिलेले : गॉल्गी संकुल आणि एका बुरशीच्या विषाचा इतिहास

१/ पाविया, १९ एप्रिल १८९८. उत्तर इटलीतील या जुन्या विद्यापीठनगरीत वैद्यक-शल्यक सभेची बैठक भरली होती. ५४ वर्षांचे प्राध्यापक कामिल्लो गॉल्गी यांनी सभेपुढे एक निरीक्षण मांडले. गव्हाणी घुबडाच्या अनुमस्तिष्कातील मोठ्या चेतापेशींच्या आत, केंद्रकाभोवती, त्यांना काळ्या धाग्यांचे एक नाजूक जाळे दिसले होते. त्याला त्यांनी नाव दिले ‘अंतर्गत जालाकार यंत्रणा’.

२/ आपण शाळेत ‘गॉल्गी संकुल’ म्हणून ज्याची आकृती काढली, ते हेच. मात्र ते पाठ्यपुस्तकात सुखाने विसावण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ त्याच्या अस्तित्वावरच वाद झाला. ते आहे हे ठरल्यावरही ते कसे टिकून राहते, हे कोडे उरलेच. ते कोडे सुटण्यात एका बुरशीने तयार केलेल्या विषाचा मोठा वाटा आहे. आजचा धागा त्या विषाचा, त्याच्या नेमक्या लक्ष्याचा आणि त्या लक्ष्याला चिकटलेल्या एका फसव्या नावाचा.

३/ इतिहासाच्या वाचकांना या वादाचे स्वरूप ओळखीचे वाटेल. एखादी घटना केवळ उत्तरकालीन बखरीत आढळते, समकालीन पत्रांत तिचा मागमूस नसतो. तेव्हा ती घडली होती, की बखरकाराच्या लेखणीने ती घडवली, असा प्रश्न आपण विचारतो. पेशीशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच प्रश्न होता. गॉल्गींचे जाळे केवळ विशिष्ट रसायनांनी मढवलेल्या, मृत पेशींत दिसे. मग ते पेशीचे होते की रसायनांचे?

४/ ती रसायने कोणती? १८७३ साली गॉल्गी मिलानजवळील आब्बियातेग्रास्सो येथे असाध्य रुग्णांच्या आश्रमात वैद्य होते. तेथील स्वयंपाकघरातच त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवले, की मोजक्याच चेतापेशी आपल्या सर्व शाखांसह काळ्या होत आणि बाकीचा भाग पिवळसर राही. ही ‘काळी अभिक्रिया’. तिच्यामुळे चेतापेशीचे संपूर्ण रूप प्रथमच स्पष्ट झाले. १८९८ चे जाळे दिसले ते याच पद्धतीच्या एका सुधारित रूपाने.

५/ या पद्धतीचे वैगुण्य तिच्या सौंदर्यातच होते. नेमक्या कोणत्या पेशी काळ्या होतील, हे कोणालाच सांगता येत नसे. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत वापरून चेतापेशी परस्परांपासून स्वतंत्र असतात, असा निष्कर्ष काढला; गॉल्गी मात्र संपूर्ण मज्जासंस्था म्हणजे एक सलग जाळे आहे, या मतावर ठाम राहिले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले आणि गॉल्गींनी आपल्या भाषणात सहविजेत्याच्या सिद्धांतावरच टीका केली. चेतापेशींबाबत काळाने कौल दिला तो काहाल यांच्या बाजूने.

६/ पेशीच्या आतील जाळ्याबाबत कौल मिळायला मात्र फार वेळ लागला. एका ऊतीत ते जाळीदार दिसे, दुसरीत विखुरलेल्या चकत्यांसारखे, तर काही पेशींत मुळीच दिसत नसे. रंगवण्याची पद्धत बदलली की त्याचे रूपही बदले. जिवंत पेशीत ते निःसंदिग्धपणे दाखवणे कोणालाही साधत नव्हते. शेकडो निबंध लिहिले गेले, आणि संशयवाद्यांचा पक्ष दुबळा झाला नाही.

७/ १९४९ साली या संशयाला मोठे बळ मिळाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील जॉर्ज पॅलाडे आणि अल्बेर क्लोद यांनी असे प्रतिपादन केले की, पेशीवर रसायनांची प्रक्रिया होत असताना तिच्यातील स्निग्ध पदार्थांपासून अशा आकृती निर्माण होतात; म्हणजे गॉल्गींचे जाळे ही प्रक्रियेची कृत्रिम निष्पत्ती आहे. हे दोघेही सामान्य टीकाकार नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याचे शास्त्र उभे करणाऱ्यांत त्यांची गणना होते.

८/ पाचच वर्षांनी याच सूक्ष्मदर्शकाने त्यांना खोटे ठरवले. १९५४ साली अमेरिकेत डाल्टन आणि फेलिक्स यांनी उंदराच्या पुनरुत्पादक नलिकेतील पेशींत, एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची चळत आणि भोवतीच्या लहान पुटिका दाखवल्या. इतरांनाही अन्य पेशींत तीच रचना आढळली. गॉल्गींना दिसलेली आकृती अस्सल होती. स्वतः गॉल्गी हे पाहायला हयात नव्हते; त्यांचे निधन १९२६ मध्येच झाले होते.

९/ पॅलाडे यांचा मोठेपणा पुढे दिसतो. ज्या अंगकाला त्यांनी भास म्हटले होते, त्याचेच कार्य त्यांनी १९६० च्या दशकात सहकाऱ्यांसह उलगडून दाखवले. किरणोत्सारी अमिनो आम्लांनी खूण केलेली प्रथिने स्वादुपिंडाच्या पेशींत कोणत्या क्रमाने पुढे सरकतात, याचा त्यांनी मागोवा घेतला. प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत तयार होते, गॉल्गी संकुलात येते, तेथून पुटिकांत भरले जाऊन पेशीबाहेर पडते. १९७४ चे नोबेल पॅलाडे, क्लोद आणि क्रिस्तियान द द्यूव्ह यांना मिळाले.

१०/ तरीही एक मूलभूत प्रश्न शिल्लक होता. माल सतत आत येतो आणि बाहेर जातो; मग ज्या चळतीतून तो जातो, ती स्वतः जागच्या जागी कशी राहते? ती एखाद्या बांधीव वास्तूसारखी आहे, की नदीतील भोवऱ्यासारखी, जिथे पाणी सतत बदलते आणि आकार तेवढा टिकतो? स्थिर छायाचित्रांतून याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. प्रवाह मध्येच थांबवून काय होते, हे पाहावे लागणार होते. त्यासाठी लागणारे हत्यार तोवर बाटल्यांत भरून ठेवलेले होते. त्याचा हा उपयोग तेवढा कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

११/ १९५८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पेनिसिलियम वंशातील एका बुरशीपासून मिळालेल्या ‘डेकम्बिन’ नामक संयुगाची नोंद प्रसिद्ध झाली. १९६२ साली ब्रातिस्लाव्हा येथे दुसऱ्या एका बुरशीपासून ‘सायनेइन’ मिळाले. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘पेनिसिलियम ब्रेफेल्डियानम’पासून ‘ब्रेफेल्डिन ए’ वेगळे करण्यात आले. पुढे उलगडले की ही तिन्ही नावे एकाच रेणूची आहेत. त्यांपैकी टिकले ते तिसरे नाव, आणि त्यात जर्मन कवकशास्त्रज्ञ ऑस्कर ब्रेफेल्ड यांची आठवण आहे.

१२/ रेणू लहान आहे : १६ कार्बन, २४ हायड्रोजन आणि ४ ऑक्सिजन. १३ अणूंचे एक मोठे कडे आणि त्याला जोडलेले ५ अणूंचे लहान कडे. रसायनशास्त्रज्ञांना त्याची घडण मोहक वाटली. १९७६ साली ई. जे. कोरी यांच्या गटाने प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषणही केले. तो बुरशीला रोखतो, विषाणूंची वाढ थांबवतो, अर्बुदपेशींना मारतो, असे निबंध येत राहिले. हे सगळे तो कसे करतो, याचे उत्तर मात्र दोन दशके मिळाले नाही.

१३/ ते दार उघडले जपानमध्ये. टोकियो विद्यापीठातील आकिरा ताकात्सुकी आणि गाकुझो तामुरा हे विषाणुरोधी पदार्थांचे जुने शोधक होते. प्रथिनांवर शर्करा चढवण्याची क्रिया रोखणारे ‘ट्युनिकामायसिन’ हे संयुगही त्यांच्याच गटाने १९७१ साली पुढे आणले होते. १९८५ साली त्यांनी ब्रेफेल्डिनचा परिणाम जनावरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर तपासला. प्रथिन तयार होत होते. परंतु ते पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचत नव्हते.

१४/ त्यांच्या हाती आणखी एक पुरावा होता. प्रथिनांवर चढणाऱ्या शर्करासाखळ्या आंतर्द्रव्यजालिकेत एका रूपात असतात आणि गॉल्गी संकुलात त्यांना वेगळे रूप मिळते. अडकलेल्या प्रथिनांवरील साखळ्या आधीच्याच, कच्च्या रूपात होत्या. पत्रावरील टपालशिक्क्यावरून ते कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचले होते हे ओळखावे, तशीच ही खूण. १९८६ साली जपानमधील दुसऱ्या एका गटाने उंदराच्या यकृतपेशींत हाच अडथळा दाखवला, आणि १९८८ साली त्याहून धक्कादायक गोष्ट उघड झाली : ब्रेफेल्डिन दिलेल्या पेशींतून गॉल्गी संकुलच मोडून पडत होते.

१५/ १९८९ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे जेनिफर लिपिन्कॉट-श्वार्ट्झ, रिचर्ड क्लाउसनर आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : मोडलेले संकुल जाते कुठे? त्यांना दिसले ते असे, की गॉल्गीची स्वतःची विकरे काही मिनिटांत माघारी वळून आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जातात. त्याच वर्षी डोम्स, रस आणि यूडेल यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. आणि औषध धुऊन काढताच चळत पुन्हा उभी राहत होती.

१६/ या निरीक्षणाचे मोल मोठे होते. गॉल्गीपासून मागे, आंतर्द्रव्यजालिकेकडे जाणारी एक वाट पेशीत मुळातच असली पाहिजे; एरवी ती पुढे जाणाऱ्या वाहतुकीच्या तोलामुळे झाकलेली राहते. विषाने पुढची वाट बंद केली आणि मागची उघडी पडली. म्हणजे गॉल्गी संकुल भोवऱ्याच्याच जातीचे ठरले : दोन प्रवाहांचा तोल आहे तोवर ते आहे. १८९८ मध्ये जे रंगवल्यामुळे दिसले होते, त्याचा स्वभाव ९१ वर्षांनी ते पुसून पाहिल्यावर कळला.

१७/ आता शोध सुरू झाला तो नेमक्या लक्ष्याचा. एवढा लहान रेणू एवढी मोठी रचना मोडतो, तर तो धरतो कोणाला? १९९० साली ज्युली डोनाल्डसन, लिपिन्कॉट-श्वार्ट्झ आणि क्लाउसनर यांनी दाखवले की, औषध दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत गॉल्गीच्या पटलावरून एक विशिष्ट प्रथिन गळून पडते. हे प्रथिन पुटिकांवर चढणाऱ्या आवरणाचा भाग निघाले. आवरण गेले, त्यानंतर चळत ढासळली. पण आवरण का गळले?

१८/ उत्तरासाठी भारताकडे वळावे लागते. पटकीने शतकानुशतके या देशात हाहाकार माजवला होता. रोबर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जीवाणूचा मागोवा घेतला. तरी तो माणसाला नेमका कसा मारतो, हे अनुत्तरितच होते. १९५९ साली कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, जीवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पटकीसारखाच पाण्याचा लोट सुटतो. म्हणजे जीवाणू एक विष स्रवतो, आणि ते विषच मारक असते.

१९/ ते विष पेशीतील एका प्रथिनावर छोटा रासायनिक गट चिकटवून त्याला कायमचे चालू ठेवते. १९८४ साली रिचर्ड कान आणि आल्फ्रेड गिलमन यांना दिसले की, परीक्षानळीत हे काम होण्यासाठी विषाला पेशीतीलच एका मदतनीस प्रथिनाची गरज लागते. त्या मदतीवरून त्याचे नाव पडले ‘आर्फ’. पण पेशीने हे प्रथिन पटकीच्या सोयीसाठी बाळगले असेल, हे संभवत नव्हते. १९९० साली उलगडले की त्याचे खरे ठिकाण गॉल्गी संकुल आहे आणि खरे काम पुटिकांच्या वाहतुकीत आहे.

२०/ आर्फ ही एक कळ आहे. तिच्यात ‘जीडीपी’ नावाचा रेणू बसलेला असतो तेव्हा ती बंद असते. त्याच्या जागी ‘जीटीपी’ बसला की ती चालू होते, पटलाला घट्ट चिकटते आणि आवरणाची प्रथिने बोलावून घेते. हा बदल आपोआप फार सावकाश होतो; तो घडवून आणणारे साहाय्यक प्रथिन लागते. १९९२ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले, एक डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांचा, दुसरा हेल्म्स आणि रॉथमन यांचा. दोहोंचा निष्कर्ष समान होता : ब्रेफेल्डिन हा बदलच थांबवतो.

२१/ साहाय्यक प्रथिनांची ओळख पटायला आणखी चार वर्षे गेली. १९९६ साली हाती आलेल्या अशा प्रथिनांत ‘सेक७’ नावाचा एक समान भाग आढळला. कळ फिरवण्याचे काम तोच करतो. यीस्टमध्ये, गायीच्या मेंदूत, माणसाच्या पेशींत या कुळातील एकेक सदस्य सापडू लागला. काही ब्रेफेल्डिनला बळी पडत, काही त्याला जुमानत नसत. हा फरक कशामुळे, हे शोधताना विषाची सर्वांत विलक्षण खुबी समोर आली.

२२/ सामान्यतः अवरोधक रेणू विकराच्या खाचेत बसतो आणि खऱ्या पदार्थाला आत येऊ देत नाही. कुलपात दुसरीच किल्ली घालून ठेवावी तसा. १९९९ साली आन पेरोश, कॅथरिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ब्रेफेल्डिनची रीत निराळी आहे. एकट्या आर्फला किंवा एकट्या साहाय्यकाला तो क्वचितच धरतो. दोघे एकत्र येऊन काम अर्धवट झालेले असते, त्या क्षणी तो त्यांच्यामध्ये शिरतो आणि त्यांना तसेच गोठवून टाकतो. जीडीपी बाहेर पडत नाही, दोघे सुटतही नाहीत.

२३/ मराठीत याला नेमका शब्द आहे : पाचर. २००३ साली फ्रान्समधील जॅकलिन शेर्फिस यांच्या गटाने आणि न्यूयॉर्कमधील जोनाथन गोल्डबर्ग यांच्या गटाने स्फटिकांवर क्ष-किरण टाकून ही पाचर प्रत्यक्ष दाखवली. दोन प्रथिनांच्या सांध्यात क्षणभर उघडणाऱ्या फटीत हा लहान रेणू बसलेला होता. औषधशास्त्राला यातून एक नवा विचार मिळाला : दोन प्रथिनांची भेट चुकवता येत नसेल, तर ती भेटच तुरुंग करता येते.

२४/ आता येते ते फसवे नाव. १९९९ सालीच पॉल मेलान्सों यांच्या गटाने, ब्रेफेल्डिनला दाद न देणाऱ्या पेशींचा मागोवा घेताना, सेक७ कुळातील एक मोठे प्रथिन शोधले. ते गॉल्गीपाशी आढळे. ते पेशीत भरपूर प्रमाणात तयार करवले की पेशी विष पचवत. त्यावरून त्याचे नामकरण झाले ‘गॉल्गीशी निगडित ब्रेफेल्डिन-प्रतिरोधक घटक १’, संक्षेप ‘जीबीएफ१’. नावातच निष्कर्ष गोवला गेला : हे प्रथिन ब्रेफेल्डिनला दाद देत नाही.

२५/ प्रत्यक्षात गोष्ट उलट होती. जिवंत पेशींतील निरीक्षणांतून, विशेषतः २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून, स्पष्ट झाले की ब्रेफेल्डिन जीबीएफ१ ला गॉल्गीच्या पटलावर गोठवून ठेवतो. जीबीएफ१ हेच त्याचे प्रमुख लक्ष्य होते. मग आधीच्या प्रयोगात पेशी तगल्या कशा? लक्ष्याचीच संख्या भरमसाट वाढवली तर तेवढ्याच मात्रेतील विष सगळ्यांना पुरत नाही. उरलेले काम करत राहतात. पुरावा खरा होता, त्याचे वाचन घाईचे होते. नाव मात्र आजतागायत तेच आहे, जुन्या नकाशावरील चुकीच्या गावनावासारखे.

२६/ ब्रेफेल्डिनचीही एक मर्यादा होती. तो जीबीएफ१ सोबत त्याच्या ‘बिग१’ आणि ‘बिग२’ या भाऊबंदांनाही धरतो, आणि ते गॉल्गीच्या पलीकडल्या टोकाला काम करतात. त्यामुळे पेशीत जे बिघडले त्याचा दोष कोणाचा, हे ठरवता येत नसे. एका साक्षीदाराच्या जबानीत तीन आरोपी मिसळून जावेत, तशी ही अडचण. गरज होती ती केवळ जीबीएफ१ ला रोखणाऱ्या रेणूची.

२७/ तो मिळाला दुसऱ्याच शोधात. १८९७ साली जपानमधील हगवणीच्या साथीत कियोशी शिगा यांनी जो जीवाणू ओळखला, त्याचे विष आज ‘शिगा विष’ म्हणून ओळखले जाते. दूषित अन्नातून येणाऱ्या काही ई. कोलाय जीवाणूंतही ते असते आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकते. हे विष पेशीत शिरल्यावर उलट्या वाटेने जाते : पृष्ठभागावरून गॉल्गीकडे, तेथून आंतर्द्रव्यजालिकेत आणि मग पेशीद्रव्यात, जिथे ते प्रथिननिर्मिती बंद पाडते. १९८९ मध्ये ब्रेफेल्डिनने उघडी पाडली, त्याच मागच्या वाटेचा हा प्रवासी.

२८/ अमेरिकेतील डेव्हिड हास्लम यांच्या गटाने असंख्य कृत्रिम रेणू चाळून, शिगा विषापासून पेशी वाचवणारे रेणू निवडले. त्यांतील एकाने पेशी वाचवल्या त्या गॉल्गी विखरून टाकून. २००९ साली तो ‘गॉल्जिसाइड ए’ या नावाने प्रसिद्ध झाला. तो जीबीएफ१ ला नेमका रोखतो आणि धुतल्यावर त्याचा परिणाम ओसरतो. आवरण गळते, गॉल्गी मोडते, स्राव वाटेतच अडतो. पण पेशीच्या पृष्ठभागावरून आत येऊन परत जाणारी लोहवाहक प्रथिनाची फेरी अबाधित राहते.

२९/ या एका वाक्यात जुना गुंता सुटला. गॉल्गी उभे ठेवण्याचे काम जीबीएफ१ चे, आणि ब्रेफेल्डिनमुळे दिसणारे इतर बिघाड त्याच्या भाऊबंदांचे. दोन विषे शेजारी ठेवून पाहिल्यावर प्रत्येकाची साक्ष वेगळी करता आली. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून काढलेल्या एका प्रसिद्ध पेशीवंशात गॉल्गी दोन्ही रेणूंना दाद देत नाही. तिथे जीबीएफ१ मधील एकाच अमिनो आम्लाचा फरक पाचर बसू देत नाही. पेशी बदलली की तेच साधन मुके होते, हेही यातून ध्यानात ठेवावे.

३०/ या रेणूंनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. पोलिओचा विषाणू ब्रेफेल्डिनच्या उपस्थितीत आपली प्रतिकृती करू शकत नाही, हे १९९२ मध्ये दिसले होते. पुढे कारण सापडले : पोलिओच्या कुळातील अनेक विषाणू जीबीएफ१ ला आपल्या कामाला जुंपतात आणि त्याच्या साहाय्याने पेशीची पटले वाकवून आपले कारखाने उभारतात. पटकीच्या विषाचा मदतनीस आर्फ आणि पोलिओचा वेठबिगार जीबीएफ१, असे दोन रोगांचे धागे एकाच कळीपाशी येऊन मिळाले.

३१/ मग ही औषधे का झाली नाहीत? कर्करोगावर ब्रेफेल्डिन वापरण्याचे प्रयत्न झाले. पण जे संकुल तो मोडतो, ते आपल्या निरोगी पेशींनाही तितकेच हवे असते. गॉल्जिसाइडही प्रयोगशाळेच्या बाहेर आलेला नाही. शिगा विषावर औषध शोधायला निघालेल्या प्रयत्नातून रुग्णाच्या हाती काही आले नाही, हे मान्य केले पाहिजे. जे हाती आले ते ज्ञानाच्या बाजूचे आहे.

३२/ तरी ब्रेफेल्डिनने माणसाच्या आरोग्याशी संबंध तोडलेला नाही. लस दिल्यावर रक्तातील टी-पेशी जाग्या झाल्या का, हे पाहायचे असते. या पेशी संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडतात आणि ती द्रवात मिसळून जातात. कोणत्या पेशीने कोणते प्रथिन सोडले, हे कळत नाही. म्हणून परीक्षानळीत काही तास ब्रेफेल्डिन घालतात. स्राव आतच अडकतो, त्याला रंग लावता येतो आणि एकेक पेशी मोजता येते. १९९० च्या दशकात रूढ झालेली ही रीत कोविड लशींच्या चाचण्यांतही वापरली गेली.

३३/ आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. गॉल्गींना जे दिसले ते खरे होते. पॅलाडे यांचा संशयही वाजवी होता, कारण एकाच रंगावर विसंबून राहणे धोक्याचे होते. जीबीएफ१ चे नाव चुकले, कारण एकाच प्रयोगावर विसंबून नामकरण झाले. दोन्ही वेळा निवाडा झाला तो वेगळ्या जातीचा पुरावा आल्यावर : आधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, मग पाचरीची रचना, मग दुसरे विष. रंगद्रव्य असो, विष असो वा बखर, साधन जे सांगते त्यात साधनाचा स्वतःचा हात किती, हे आधी तपासावे लागते.

३४/ पाविया, न्यूयॉर्क, ब्रातिस्लाव्हा, टोकियो, बेथेस्डा आणि कलकत्ता. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या तपासात बहुतेकांना आपण एकाच गोष्टीचा शोध घेत आहोत, याची कल्पनाही नव्हती. पुढच्या वेळी पेशीच्या आकृतीत वाकड्या पिशव्यांची ती चळत दिसली, तर क्षणभर थांबून पाहा. ती पुस्तकात जितकी स्थिर दिसते तितकी ती नाही. जीबीएफ१ कळ फिरवत आहे, तोवरच ती उभी आहे.

धागा समाप्त. आवडला असेल तर इतिहासाची गोडी असलेल्या एखाद्या मित्राला जरूर पाठवा.